वाळूजच्या कूलिंग टॉवरविषयी भाचीला पत्र

चि. छकुलीस,


वाळूजच्या कंपनीत तू रुजू झालीस, हे ताईने फोनवर सांगितलं. आनंद झाला. पण तिच्या बोलण्यात एक खंत होती. ‘प्रॉडक्शनला नाही घेतलं रे तिला, युटिलिटीला टाकलंय. मागच्या अंगणात ते पाण्याचे टॉवर असतात ना, तिथे.’ युटिलिटी म्हणजे मागच्या अंगणातलं काम ही समजूत तुझ्या आईचीच नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कितीतरी घरांत ती आहे, आणि कारखान्यांच्या बैठकांतही आहे. म्हणून हे पत्र तुझ्या मोबाइलवर न पाठवता छापायला देतो आहे. माझी नोकरी याच कामात गेली. आपल्या शहरात, जिथे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, तिथे कारखान्यातल्या पाण्याची खरी किल्ली त्या मागच्या अंगणातच असते. ती आता तुझ्याकडे आली आहे.

आधी टॉवर काय करतो ते. यंत्रं, चिलर, कॉम्प्रेसर यांतली उष्णता घेऊन गरम झालेलं पाणी टॉवरच्या माथ्यावरून खाली पडतं, पंखा त्यातून हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं थंड होतं. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणजे शंभर लिटरांतलं एक लिटर उडालं की बाकीचं पाणी जवळपास सहा अंशांनी उतरतं. एवढ्या स्वस्तात उष्णता नेणारं दुसरं काही अजून कुणाला सापडलेलं नाही.

अडचण अशी की उडून जातं ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. आपल्या गच्चीवरच्या कूलरच्या गवतावर मे महिन्यात पांढरी खरखरीत खपली धरते, तू लहानपणी ती नखाने खरवडायचीस. टॉवर हा तसाच एक कूलर आहे, जवळपास वर्षभर चोवीस तास चालणारा. त्यात रोज नवं पाणी येतं, तेही क्षार घेऊन येतं, आणि खालच्या टाकीतलं, म्हणजे बेसिनमधलं, पाणी दाट होत जातं. किती दाट झालं याच्या मोजमापाला आपण ‘सायकल’ म्हणतो. आत येणाऱ्या नव्या, म्हणजे मेकअपच्या, पाण्याची कंडक्टिव्हिटी (क्षारांचा अंदाज देणारं माप) ४०० असेल आणि बेसिनमध्ये २,००० दिसत असेल, तर पाणी पाच सायकलवर चाललं आहे. ते मर्यादेपलीकडे दाट होऊ नये म्हणून थोडं पाणी काढून टाकायचं. तो ब्लोडाऊन.

आता एक हिशेब कर. तुझ्या कंपनीत तासाला ५०० घनमीटर पाणी फिरवणारा मध्यम टॉवर आहे असं धर. सहा अंशांचा फरक धरला तर तासाला साधारण ५ घनमीटर पाणी वाफ होणार. ते टळत नाही. पण दोन सायकलवर चालवलास तर तेवढंच आणखी ५ घनमीटर गटारात जातं. एकूण मेकअप तासाला १०, दिवसाला २४० घनमीटर. पाच सायकलवर नेलास तर ब्लोडाऊन सव्वा घनमीटरवर येतो आणि दिवसाचा मेकअप १५० होतो. रोज ९० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर वाचले. दरडोई १३५ लिटरच्या निकषाने हे साडेसहाशेहून अधिक माणसांचं एका दिवसाचं पाणी आहे. उत्पादन तेवढंच, थंडावाही तेवढाच. पाचावरून दहावर जायला मात्र फार धडपडू नकोस. तिथे दिवसाला जेमतेम १७ घनमीटर वाचतात आणि नळ्यांत थर बसण्याचा धोका खूप वाढतो. कुणी विक्रेता दहा-बारा सायकलची हमी देऊ लागला, तर त्याच्याकडे आधी तुमच्या पाण्याचा सिलिकाचा आकडा माग.

सिलिका म्हणतो, कारण आपण दख्खनच्या काळ्या खडकावर राहतो. बेसाल्टमधून आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम तर आणतंच, सिलिकाही आणतं. कॅल्शियमचा थर निदान आम्लाने सुटतो. सिलिकाचा थर काचेसारखा बसतो आणि नेहमीच्या आम्लाला दाद देत नाही. उन्हाळ्यात एमआयडीसीचं पाणी कमी पडलं की कंपन्या बोअर आणि टँकर यांच्यावर येतात. त्या दिवशी पाणी बदललेलं असतं, पण रसायनं सोडणाऱ्या डोसिंग पंपाची सेटिंग जुनीच असते. टँकर आला की आधी नमुना काढ, हार्डनेस बघ, मग व्हॉल्व्ह उघडू दे. सुरक्षारक्षकाला आणि टँकरच्या ड्रायव्हरला हा नियम एकदा समजावून सांगितलास की तो पाळला जातो, असा माझा अनुभव आहे.

कॅल्शियम कार्बोनेटचा एक उलटा स्वभाव आहे. साखर, मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतात. हे महाशय पाणी तापलं की बाहेर पडतात. त्यामुळे थर बेसिनमध्ये न बसता जिथे पाणी सर्वांत गरम असतं तिथेच, कंडेन्सरच्या नळीत आतून बसतो. तांब्याच्या तुलनेत तो उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. मग चिलर जास्त वीज खातो, कॉम्प्रेसरचा दाब चढतो, आणि महिनाअखेर विजेचं बिल बघून साहेब चिलरवाल्याला बोलावतात. चिलर ठणठणीत असतो. पाण्याकडे कुणी बघितलेलं नसतं.

पाणी थर बसवणारं आहे की धातू खाणारं, याचा अंदाज देणारा एक निर्देशांक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडला. पीएच, कॅल्शियम, क्षारता, टीडीएस आणि तापमान एवढ्यांवरून तो निघतो. अधिक आला तर थराकडे कल, उणा आला तर गंजाकडे. हा हिशेब मोबाइलवर करू नकोस, सुरुवातीचे काही महिने कागदावर कर. कोणता आकडा हलला की काय हलतं हे हाताला कळू दे. आणि निव्वळ आरओचं पाणी भरलं की सगळे प्रश्न सुटले, या भ्रमात राहू नकोस. क्षार काढून घेतलेलं पाणी भुकेलेलं असतं. ते पाइपांचं लोखंड खायला लागतं. आरओ आणि साधं पाणी यांचं मिश्रण कुठल्या प्रमाणात करायचं, यातच तुझं कौशल्य आहे.

रसायनांबद्दल थोडक्यात. फॉस्फोनेट दहा लाख भागांत काही भाग एवढ्या अल्प मात्रेत टाकलं तरी स्फटिक वाढू देत नाही. पॉलिमर गाळाचे कण तरंगते ठेवतात. तांब्यासाठी अॅझोल असतं. पूर्वी गंज रोखायला क्रोमेट सर्रास वापरायचे. ते काम उत्तम करायचं, पण षट्संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. अमेरिकेने १९९० मध्ये वातानुकूलनाच्या टॉवरमधून ते बंद केलं. ड्रमवर नाव काहीही असो, आत काय आहे याचं सुरक्षापत्रक मागितल्याशिवाय ड्रम गेटच्या आत घेऊ नकोस. आणि हायपोक्लोराइट नि आम्ल यांचे ड्रम शेजारी ठेवू देऊ नकोस. दोन्ही सांडून एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. डोसिंगचं काम करणारी मुलं बहुतेक कंत्राटी असतात, त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. हातमोजे, चष्मा आणि डोळे धुण्याचा नळ हे आधी, डोसिंग नंतर.

थरापेक्षाही मला जास्त भीती वाटते ती बुळबुळीत पापुद्र्याची. टॉवर हे जिवाणूंसाठी सुखाचं घर आहे: कोमट पाणी, भरपूर हवा, ऊन, आणि वाऱ्याबरोबर येणारी आपल्याकडची धूळ. नळीच्या आत जिवाणूंचा पातळ चिकट पापुद्रा धरला की तो तेवढ्याच जाडीच्या कॅल्शियमच्या थरापेक्षा साधारण चौपट उष्णता अडवतो. शिवाय त्याच्याखाली ऑक्सिजन न लागणारे जिवाणू धातूला भोकं पाडतात. म्हणून क्लोरीन किंवा ब्रोमीन नियमित, आणि मधूनमधून वेगळ्या जातीचं जंतुनाशक. एकच औषध सतत दिलं तर ते निरुपयोगी होतं.

यातला लीजनेला नावाचा जिवाणू माणसाच्या फुप्फुसात जातो. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर न्यूमोनियासारख्या अनोळखी आजाराने १८२ जण आजारी पडले, २९ दगावले. जिवाणू ओळखायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमधून तीच साथ पसरली, आणि त्यानंतर त्या शहराने प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे न्यूमोनिया झालेल्या कामगाराला ‘तुझ्या कामाच्या जागी टॉवर आहे का’ हे विचारणारा डॉक्टर क्वचित भेटतो. म्हणून काळजी टॉवरवाल्यानेच घ्यायची. टॉवरमधून उडणारे तुषार अडवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ड्रिफ्ट एलिमिनेटर, तुटलेल्या दिसल्या की त्याच आठवड्यात बदलून घे. दिवाळीच्या सुट्टीत टॉवर बंद राहतो, पाणी कोमट पडून राहतं. सुट्टी संपल्यावर जंतुनाशकाचा पूर्ण डोस देऊन पाणी फिरवल्याशिवाय पंखा सुरू करू नकोस. आत उतरून बेसिन धुणाऱ्या माणसाला साधा रुमाल नव्हे, योग्य मास्क मिळालाच पाहिजे. यावर कुणाशी भांडावं लागलं तरी भांड.

आता लॉगबुक. एका कारखान्यात, नाव घेत नाही, मला महिन्याभराचं लॉगबुक दाखवलं होतं. तीनही शिफ्टमध्ये पीएच ७.८, हार्डनेस तोच, कंडक्टिव्हिटी तीच, आणि सगळं एकाच पेनाने लिहिलेलं. त्याच महिन्यात तिथल्या कंडेन्सरच्या नळ्या बोटाने चाचपल्या तरी खपली निघत होती. पाणी कधीच इतकं स्थिर नसतं. सकाळी एक असतं, दुपारी दुसरं, धरणात नवं पाणी आलं की तिसरं. लॉगबुकात चुकीचा वाटणारा आकडा आला तर तो खोडायचा नाही, पुन्हा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. तुझ्या हाताखालच्या ऑपरेटरला खरा आकडा लिहिल्याबद्दल कधी ओरडा बसू देऊ नकोस. एकदा बसला की पुढे तुला कायम ७.८ च दिसेल.

तू म्हणशील, मामा एका टॉवरचं एवढं काय घेऊन बसलाय. तर परळी आठव. बीड जिल्ह्यातलं आपलं औष्णिक वीज केंद्र. २०१३ च्या फेब्रुवारीत तिथले ११३० मेगावॅटचे सगळे संच बंद पडले. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती; खडका धरणात पाणी उरलं नव्हतं. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. अशा केंद्रात सर्वांत जास्त पाणी लागतं ते वाफ पुन्हा थंड करायला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारने टॉवरवर चालणाऱ्या जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घातली: एक युनिट विजेमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. दुष्काळ शेतकऱ्याच्या रानात पहिल्यांदा येतो हे खरं, पण कारखान्याच्या टॉवरपर्यंत यायला त्याला फार वेळ लागत नाही.

पुढचं वर्ष २०१६. जायकवाडी मृतसाठ्यात गेलेलं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपल्या भागातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचं २५ टक्क्यांपर्यंत तोडण्याचा आदेश दिला. त्या उन्हाळ्यात ज्या कंपन्यांनी आधीच टॉवरची सायकल वाढवून ठेवली होती, गळती बंद केली होती, त्यांना कपात सोसवली. बाकीच्यांची त्रेधा उडाली. आणि इथे एक गोष्ट ध्यानात ठेव, जी मला फार महत्त्वाची वाटते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टॉवर छान काम करतो, पण त्याच दिवसांत तो सर्वांत जास्त पाणी पितो, कारण तेव्हा जवळपास सगळा थंडावा वाफेतूनच मिळवावा लागतो. आणि त्याच दिवसांत जायकवाडीचा नाथसागर तळाला गेलेला असतो. म्हणजे तुझी सगळी तयारी फेब्रुवारीपर्यंत झालेली हवी: नळ्यांची सफाई, मीटरची तपासणी, ब्लोडाऊनच्या व्हॉल्व्हच्या गळतीचा बंदोबस्त.

शहराचं पाणी आणि एमआयडीसीचं पाणी या दोन वेगळ्या योजना आहेत, पण दोन्ही जायकवाडीतूनच उचलतात. धरणाला नाथांचं नाव आहे. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड ज्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडी घातली, ते एकनाथ महाराज. त्यांच्या नावाच्या पाण्यावर आपण टॉवर चालवतो, हे मला कधी विसरता आलं नाही.

या पाणीटंचाईतून मार्ग आहे. टॉवरला पिण्याच्या दर्जाचं पाणी लागत नाही. नागपूरकरांनी भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध केलं आणि ते कोराडीच्या वीज केंद्राला दिलं. जानेवारी २०१६ च्या सुधारित वीजदर धोरणात तर सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलंच पाहिजे असं लिहिलं गेलं. आपल्या शहराचं कांचनवाडीला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, वाळूज तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ते पाणी आणि तुमचे टॉवर यांची गाठ घालायला हवी, असं माझं ठाम मत आहे. शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत पुनर्वापराच्या पाण्याचा विचार आखणीतच आहे. वाळूजला तो मागून घालावा लागेल, म्हणून खर्चिक पडेल, पण पडू दे.

हे सोपं नाही, हेही सांगून ठेवतो. सांडपाण्यात अमोनिया उरला असेल तर तो पितळेच्या नळ्यांना चिरा पाडतो. फॉस्फेट असेल तर कॅल्शियमशी जुळून नवाच थर धरतो, आणि जिवाणूंना तर ते खाद्यच. म्हणून नुसतं नेहमीचं शुद्धीकरण पुरत नाही, पुढची एक पायरी, गाळणी आणि निर्जंतुकीकरण, लागते. कुणी घाईने पाइप जोडून द्यायला निघालं तर थांबव. आधी तीन ऋतूंचे नमुने तपासून घे, कारण पावसाळ्यातलं सांडपाणी आणि मेमधलं सांडपाणी एक नसतं.

आणि तुमचा ब्लोडाऊन कुठे जातो ते स्वतः पाइपामागे चालत जाऊन बघ. त्यात जस्त, फॉस्फेट, जंतुनाशक असतं. तो शुद्धीकरणाच्या टाकीतच गेला पाहिजे. पावसाच्या पाण्याच्या नाल्यात गेला तर खामेत जातो, आणि खाम शेवटी गोदावरीलाच मिळते. शहरातल्या किती लोकांनी गेल्या काही वर्षांत त्या नदीचा काठ साफ करायला हात घातला आहे, ते तू पाहिलं आहेस.

आपल्या शहराला पाण्याचा काटकसरीचा वापर शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगराखालून नहर आणली. पुढे पाणचक्कीत असंच नहरीचं पाणी उंचावरून पाडून जातं फिरवलं, आणि हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचा माथा केला, म्हणजे वाटसरूंना उन्हाळ्यात गारवा. एकाच पाण्याकडून दोन कामं करून घेतलेली आपण शाळेच्या सहलीत बघितली आहेत. कारखान्यात चिलरच्या एएचयूतून, म्हणजे हवा थंड करणाऱ्या युनिटमधून, टपकणारं पाणी, आरओचं फेकलं जाणारं पाणी, गच्चीवरचं पावसाचं पाणी यांच्याकडे तशाच नजरेने बघ. एएचयूचं पाणी तर जवळपास क्षाररहित असतं, ते गटारात जाताना दिसलं की माझा जीव खालीवर होतो.

तर आता काम सांगतो. तुमच्या टॉवरच्या मेकअपला आणि ब्लोडाऊनला वेगवेगळे मीटर आहेत का ते सोमवारी बघ. नसतील तर मागणी कर, तोंडी नको, लेखी कर. मीटर बसले की रोजचे दोन्ही आकडे लॉगबुकात, आणि महिन्याचा हिशेब पहिल्या बैठकीत साहेबांसमोर ठेव. रुपयांत ठेवच, पण माणसांच्या पाण्यातही ठेव. ताईला सांग, पोरगी मागच्या अंगणात नाही. आणि हे वाचणाऱ्या वाळूज-शेंद्र्याच्या प्रत्येक युटिलिटीवाल्याला माझी हीच विनंती आहे: यंदा फेब्रुवारी संपायच्या आत आपल्या टॉवरची सायकल मोजा.

तुझा,
मामा